हिला हळू, मला मोठ्यानं

—अहो तिकडं नको, तिकडं नको, या बाजूला बसा, माझ्या डाव्या हाताला. उजवीकडं त्या कूलरचा आवाज फार आहे, तुमचं बोलणं कळायचं नाही. काय? बंद आहे? कूलर बंद आहे म्हणता? — बरं. मग रस्त्यावरचा असेल, या रोडला गाड्या काय कमी आहेत. बसा हो, बसा निवांत. तुमचा टीव्ही आत नेलाय ना, मग आता घाई करून उपयोग नाही. मिस्त्री एकच, आणि तो आधी चहा घेतो. तुम्ही मराठी हे मी मघाशीच ओळखलं. बोलण्यावरनं नाही — पिशवीवरनं. सांगलीच्या कापडदुकानाची पिशवी घेऊन जयपुरात दुसरा कोण फिरणार? आमच्या घरी पण आहे तसलीच, तिच्यात ही लसूण ठेवते. बँकेत का विम्यात? — बँकेत. वाटलंच, इस्त्रीवरनं. मी सुभेदार सर्जेराव निकम, रिटायर्ड, तोफखाना. गाव साताऱ्याकडं, पण शेवटची पोस्टिंग इथली, मग इथंच राहिलो, खातीपुऱ्यात. आता एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटी बघतो. तिथं बरं असतं. येणाऱ्यानं पास दाखवायचा, मी बघायचा, बोलणं काही नाही.

तो बघा, काउंटरवर रजईत गुंडाळलेला, तो आमचा टीव्ही. हसा, मला काय! भर उन्हाळ्यात रजई पांघरलेला टीव्ही जयपूरनं पण पहिल्यांदाच बघितला असेल. सायकलरिक्षात मांडीवर धरून आणला, खड्डा आला की पोटाशी आवळायचा. एक जण तर हात जोडून बाजूला झाला, त्याला वाटलं घरातलं कुणी आजारी आहे. का आणला म्हणता? अहो, या दुकानाच्या मालकांनी, खंडेलवालजींनी, आणायला लावला. परवा आलो होतो मोकळ्या हातानं, म्हटलं, टीव्हीचा आवाज वाढवायचाय, चांगला अँप्लिफायर द्या. तर त्यांनी लिहून दाखवलं, टीव्ही के पीछे क्या है — म्हणजे लिहून का, तर दुकानात गर्दी होती ना, मतलब गोंधळ होता. आता टीव्हीच्या मागं काय असतं? मी म्हटलं, दीवाल है. सगळं दुकान हसलं. त्यांना विचारायचं होतं की आवाज बाहेर काढायला मागं भोक आहे का, आणि असलं तर कसलं. नुसता भारी अँप्लिफायर घेऊन काय करणार, टीव्हीतला आवाज त्याच्यात जायला वाट नको? एकेका टीव्हीचं एकेक तऱ्हेचं असतं म्हणे. मी म्हटलं, मग टीव्हीच घेऊन येतो, तुम्हीच बघा काय ते.

आणि हे मला आधीच कळायला पाहिजे होतं, कारण एक अँप्लिफायर घरी पडलाय. आम्हा मिलिटरीवाल्यांची खोडच आहे — कँटीनमध्ये माल आला की आधी लाइनीत उभं राहायचं, काय आलंय ते मग विचारायचं. प्रेशर कुकर तर इतके झालेत की ही त्यात डाळी भरून ठेवते. तर लाइनीत उभा राहिलो आणि नंबर आल्यावर हातात अँप्लिफायर. चकचकीत, पुढं दिवे, सुया नाचतात. मागच्यानं विचारलं नाही, पुढच्यानं विचारलं नाही की हा जोडतात कशाला, मग मी तरी कशाला विचारू? घरी आणला, टीव्हीशेजारी ठेवला. टीव्हीची पिन याच्यात जाईना, याची टीव्हीत जाईना. ही म्हणाली — हां, मोठ्यानंच म्हणाली — कसे शेजारी-शेजारी बसलेत बघा, बोलत मात्र नाहीत. मी हसलो. तेव्हा हसलोच. मग स्क्रू काढून टीव्हीच्या आतल्या स्पीकरची वायर ओढायला बसलो, तर असा झटका बसला की पाटासकट मागं! खंडेलवालजींनी कान धरायला लावले. या टीव्हीच्या आतल्या पत्र्यातच करंट खेळत असतो, बाहेरच्या भोकातनंच काय घ्यायचं ते घ्यायचं. तुमच्या घरी कुणी हौशी असेल तर सांगून ठेवा.

तर आता त्यांनी बघितलंय. आमच्या टीव्हीला बाजूला एक भोक आहे, कानात घालायच्या बोंडाचं. इतकी वर्षं ही त्यावरनं फडकं फिरवतेय, पण आम्हाला पत्ता नाही. त्यात पिन घातली की टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद, सगळा आवाज वायरीतनं अँप्लिफायरमध्ये, तिथनं पुढं स्पीकरच्या बॉक्समध्ये. पण बॉक्स मोठा केला की शेजारचे भिंत ठोकतात, म्हणून मग हेडफोन. आणि कँटीनच्या अँप्लिफायरची गंमत अशी, हे खंडेलवालजींनीच सांगितलं, की त्याला हेडफोन लावला की बॉक्स गप! म्हणजे मला ऐकू आलं तर हिला नाही, आणि हिला आलं तर मला नाही. म्हणून मी यांना म्हटलं, असला द्या की बॉक्स हळू चालेल आणि हेडफोन जोरात, दोन्हीची बटणं वेगळी. हिला हळू, मला मोठ्यानं, दोघांना एकाच वेळी. एवढंच मागणं आहे. टीव्हीचा आवाज बसलाय ना आमच्या, जुना झाला, म्हणून हा सगळा खटाटोप.

काय? — जरा इकडं तोंड करून बोला. — टीव्हीचा आवाज बसलाय तर हेडफोन मला एकट्याला का? बँकवाले तुम्ही, बरोबर पकडलं.

टीव्ही चांगला आहे हो. टीव्हीला काही झालेलं नाही. माझे कान गेलेत. झालं समाधान? उजवा तर पार गेलाय, डावा थोडाफार. आणि कूलरचं म्हणाल तर तो माझ्या डोक्यातच चालू असतो, थंडीत पण. तोफेजवळ उभं राहायचं म्हणजे कानात बोळे घालायचे असतात, दिलेले असतात, पण बोळे घातले की हुकूम ऐकू येत नाही. मग काढून खिशात. सगळेच काढायचे. आमच्या वेळी बोळे घालणाऱ्याला पोरं चिडवायची, नवरीसारखा नटून आलाय म्हणून, आणि चिडवणाऱ्यांत मी पुढं. डोळे गेले असते तर लोकांनी हात धरून रस्ता ओलांडून दिला असता. कान गेले की हसतात. गणपतीत आरती संपली तरी मी टाळ्या वाजवतच असतो, पोरं तोंड दाबून हसतात, आणि ही माझ्या सदऱ्याची बाही ओढते. लाज वाटते. साठीला आलेला माणूस, छातीवर मेडल लावून हिंडलेला, आणि बाही ओढली की थांबायचं. म्हणून मी कुणाला सांगतच नाही. टीव्हीचा आवाज बसला, कूलर फार वाजतोय, रस्त्यावर गाड्या फार — एक ना दोन. लोकांना खरं कळत असणार. तुम्हाला कळलंच की.

पण त्याचंही काही नव्हतं, चाललं होतं. हा रविवार आला नसता तर मी इथं आलोच नसतो. आमच्या गल्लीत मराठी घरं थोडीच, पण रविवारचा सिनेमा बघायला सगळ्या बायका आमच्याकडं, कारण ही कांदेपोहे करते आणि आमची खोली मोठी आहे. त्या विमावाल्यांच्या मधुमतीताई असतात, आणखी दोघी-तिघी. त्या मागं चटईवर, आणि मी पुढं, खुर्ची टीव्हीला भिडवून. आवाज पुरा. मग मागं त्यांना आपसात बोलायचं तर ओरडावं लागतं. ओरडतात बिचाऱ्या. मला तेही ऐकू येत नाही, नुसती गुणगुण. तर सिनेमा रंगात आला होता, आणि लाईट गेली. दिवस होता अजून, खिडकीतनं चांगला उजेड होता. पण टीव्ही गप, पंखा गप, सगळ्या गल्लीतले टीव्ही एकदम गप. आणि ही मधुमतीताईंना काहीतरी ओरडून सांगत होती, ते तोंडातनं सुटलेलं, आता मधे कसं थांबवणार? त्या शांततेत हिचं तेवढं वाक्य पुरं झालं.

काय म्हणाली — जाऊ दे. घरातलं आहे. तुम्ही तुमचा टीव्ही घेऊन जाल, आणि मी इथं तोंड वाजवत बसलोय. — नाही, शिवी नाही हो! छे! ती तसली नाही. शिवी दिली असती तर मी दोन दिल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. म्हणाली — "यांच्याशी आता भाजी आणि दूध एवढंच बोलते मी. मनातलं काय ओरडून सांगायचं असतं?" बस, एवढंच म्हणाली. आणि मला ऐकू आलं. शब्द न् शब्द, अगदी स्वच्छ. किती दिवसांनी तिचं एक सबंध वाक्य मी ऐकलं असेन, आणि ते हे.

मी काय करावं? तुम्ही काय केलं असतं? मागं वळलो तर सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मधुमतीताईंचा हात तोंडावर. हिचा चेहरा असा झालेला की बघवेना, हातातली बशी तिरकी झाली, पोहे चटईवर. आणि मी — सांगू नये खरं तर — मी हसलो, मोठ्यानं म्हणालो, "अरेच्चा, लाईट गेली वाटतं! मेणबत्ती कुठं ठेवलीस गं?" आणि खिडकीतनं एवढं ऊन आत येत असताना मेणबत्ती शोधत फिरलो, देव्हाऱ्याखाली, फडताळात, पाठ करून. बायकांचा जीव भांड्यात पडला. ऐकलं नाही, ऐकलं नाही, असं एकमेकींकडं बघून चाललेलं मला दिसलं. आणि हिचा चेहरा! बरं झालं हा माणूस ठार बहिरा आहे, असं तिला त्या वेळी वाटलं असेल ना? वाटलंच असणार. मला तर तेव्हा जमिनीनं गिळलं असतं तरी चाललं असतं.

तेव्हापासून घरात बघा काय चाललंय. रोज गोड. काल शिरा, परवा पुरण. मला विचारते, आणखी वाढू का, आणि माझ्या डोळ्यांत बघते, काही सापडतंय का तिथं म्हणून. मी आपला ढिम्म. तिला लाज, मला लाज, आणि दोघं बसून पुरणपोळी खातोय. टीव्ही मी लावतच नाही. लावला की मला तो रविवार आठवतो, आणि नाही लावला की ती विचारते का लावत नाही, मग सांगायचं, आवाज बसलाय. आणि त्यात एक नवीनच. मी सकाळी दाढी करायला आरशापुढं बसतो, मागं ही भाकऱ्या थापत असते. आरशात दिसतं मला — हिचे ओठ हलत असतात. पुटपुटणं नाही, देवाचं नाही, चांगलं सावकाश बोलत असते. माझ्या पाठीशी. मधेच थांबते, पीठ घेते, परत बोलते. एकदा तर डोळे पुसले पदरानं. मी वळलो की गप. "काय म्हणालीस?" — "काही नाही, दूध आणायचंय," हे ओरडून. म्हणजे मनातलं चाललेलं असतं ते सगळं माझ्या पाठीला, आणि तोंडावर आलं की दूध. रोज सांगते, आणि मी तिथं दोन हातांवर गालाला साबण लावून बसलेला असतो.

म्हणून म्हटलं, अँप्लिफायर. टीव्हीला जुळणारा तर पाहिजेच, पण — हे आता कुणाला सांगू नका — खंडेलवालजींना मी हळूच विचारलं, इसमें माइक भी लगता है? लगता है, म्हणाले, त्यांना वाटलं गणपतीच्या भाषणासाठी. मी म्हटलं, हां हां, मंडल के लिए. डब्यांच्या मागं ठेवणार होतो. चुलीजवळ फडताळ आहे, त्यात पिठाचा डबा, त्याच्या मागं माइक, वायर भिंतीकडनं खोलीत. टीव्ही लावायचा, हेडफोन घालायचा, ही समजणार टीव्ही बघतोय. आणि मी आपला तिचं — हो, चोरून. चोरूनच. बघता काय असं? सरहद्दीवर असतात अशी कामं करणारे, पलीकडचं ऐकायला बसलेले. मी सुभेदार, घरात स्वतःच्या बायकोच्या पिठाच्या डब्यामागं तेच करायला निघालो होतो, आणि त्यासाठी टीव्ही रजईत घालून आलोय. आज तिचं चैत्राचं हळदीकुंकू आहे मधुमतीताईंकडं, ती तिकडं गेली, मी इकडं निघालो. ही अक्कल बघा माझी.

सांगून टाका म्हणता? सोपं आहे हो तुम्हाला. काय सांगू? रविवारी ऐकलं म्हणून सांगू? मग मेणबत्तीचं पण सांगावं लागेल, की चार बायकांपुढं मी सोंग केलं. मग ती त्या बायकांना तोंड कसं दाखवेल? आणि समजा सांगितलं, तर ती पाठीशी बोलते ते पण बंद होईल. आत्ता निदान बोलते तरी. मला नाही येत ऐकू, पण ती बोलते तरी, हे तरी आहे. ते पण घालवू?

— हां? बोलावतोय? चला, चला, तुम्ही पण चला, मला त्याचं कळायचं नाही. हां मिस्त्रीजी, यही पिन. बघा, टीव्ही लागला. बॉक्स हळू — ठीक आहे? तुम्हाला नीट येतंय? छान. आता हेडफोन... हां. हां! आलं! अहो, बातम्यांवाली बोलतेय! खोकला कुणीतरी मागं! आणि बॉक्स चालू आहे अजून? दोन्ही चालू? वा. जमलं की. — माइक? नाही, ते राहू द्या... बरं, लावा. लावून बघू. साहेब, तुम्ही धरा तो. बोला काहीतरी. ओरडू नका, घरात बोलतो तसं बोला, हळू.

...

आलं. स्वच्छ आलं. डब्यामागं ठेवू नका, त्यांच्या हातात द्या — असंच म्हणालात ना? तुमचा आवाज असा आहे होय. मला जाड वाटला होता. — त्यांच्या हातात द्या. हातात देऊन काय म्हणू? धर, आता मनातलं बोल, असं म्हणू? अहो, तसं कुणी—

थांबा. दारात कोण आहे ते? ही आहे. ही कशी आली इथं? घरी जाऊन बघितलं असणार, टीव्ही जागेवर नाही, मग रजईवाला रिक्षातनं कुठं गेला ते विचारत आली असणार. धापा टाकतेय बघा, हळदीकुंकू तसंच कपाळावर, मुठीत ओटीचे हरभरे तसेच. रजईकडं बघतेय. काहीतरी म्हणतेय. तोंड हलतंय. रस्त्यात ती कधी मोठ्यानं बोलत नाही, मेली तरी बोलणार नाही. काय म्हणतेय हो? टीव्ही विकला का म्हणतेय? ऐकलं म्हणून विकला, असं म्हणतेय? — नको, तुम्ही नका सांगू. तारा, विकला नाही गं! विकायला नाही आणला! इकडं ये. आत ये. साहेब, तो माइक द्या तिला. धर. अगं चावत नाही, धर. ओरडायचं नाही, इथं हळू बोलायचं, मला सगळं ऐकू येतंय. आणि रविवारी पण आलं होतं. हो. लाईट गेली तेव्हा. — सांडू दे हरभरे, मी उचलतो नंतर. तू बोल. आरशापुढं मी असतो तेव्हा बोलतेस ना, ते.

साहेब, तुम्ही निघा आता. हां, तुम्हीच. खंडेलवालजींना मराठी येत नाही, मिस्त्रीला येत नाही, कळणारे इथं तुम्ही एकटेच आहात. बाहेर जाऊन उभे राहा. पिशवी राहू दे, कुणी नेत नाही. जा ना हो.